ज्यूस जॅकिंग म्हणजे काय? सार्वजनिक पोर्टला मोबाईल लावणं कितपत धोक्याचं?

विमानतळावर किंवा रेल्वे स्टेशनवर फुकट चार्जिंग करू नका, बँक खातं रिकामं होईल, असा मेसेज व्हॉट्सॲपवर तुम्हीही वाचला असेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या आर्थिक फसवणुकींवरच्या पुस्तिकेतही या प्रकाराचा, म्हणजे 'ज्यूस जॅकिंग'चा उल्लेख आहे. मग यात तथ्य किती?

अडचण पोर्टमध्येच

मोबाईलला ज्या पोर्टमधून वीज मिळते, त्याच पोर्टमधून डेटाही ये-जा करतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. पलीकडे नुसता चार्जर आहे की चार्जरच्या डबीत लपवलेला छोटा कॉम्प्युटर, हे बाहेरून बघून कळत नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी अशाच बनावट चार्जरमधून एका मिनिटाच्या आत आयफोनमध्ये ॲप घुसवून दाखवलं. त्यानंतर ॲपलने आयओएस ७ मध्ये 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?' ही विचारणा आणली. अँड्रॉइडवरही फाइल ट्रान्सफरसाठी परवानगी द्यावी लागते. मालकाने 'हो' म्हटल्याशिवाय डेटा जाणार नाही, असं सगळेच धरून चालले.

'हो' कोण म्हणतंय?

ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये या गृहीतकालाच सुरुंग लावला. त्यांच्या पद्धतीचं नाव 'चॉइस जॅकिंग'. तिच्या एका प्रकारात चार्जर आधी स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि बटणं दाबून फोनचं ब्लूटूथ सुरू करतो. चार्जरमध्येच लपवलेला ब्लूटूथ कीबोर्ड मग फोनला जोडला जातो. त्यानंतर चार्जर कॉम्प्युटरचं रूप घेतो. परवानगीची चौकट उघडते आणि ब्लूटूथ कीबोर्ड तिथे परस्पर 'हो' म्हणून मोकळा होतो! यासाठी बहुतेक वेळा फोन अनलॉक असावा लागतो, पण दोन कंपन्यांच्या फोनमधून लॉक असतानाही फाइल काढता आल्या. ॲपलने आयओएस १८.४ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइड १५ मध्ये नुसत्या 'हो'ऐवजी पिन, पासवर्ड किंवा तत्सम ओळख मागायला सुरुवात केली. इतर कंपन्यांच्या फोनवर हा बदल पोचेलच, असं मात्र नाही.

खरा बळी कोण?

हे सगळे प्रयोगशाळेतले प्रकार. सार्वजनिक पोर्टवर असा हल्ला झाल्याचं एकही खात्रीशीर प्रकरण माहीत नसल्याचं अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने म्हटलं आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपवरची भीती जरा जास्तच आहे. पोर्टमधून घुसखोरी झाल्याची उघड झालेली घटना वेगळीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्बियात एका विद्यार्थी आंदोलकाचा लॉक असलेला सॅमसंग फोन सेलेब्राइट कंपनीच्या उपकरणाने उघडण्यात आला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या तपासणीनुसार, त्यासाठी अँड्रॉइडच्या यूएसबी ड्रायव्हरमधल्या त्रुटी वापरल्या गेल्या. त्यातली एक गूगलने फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटमध्ये दुरुस्त केली. म्हणजे धोका स्टेशनवरच्या पोर्टपेक्षा फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर जास्त, विशेषतः पत्रकार आणि कार्यकर्त्यांना.

काय करावं?

अपडेट टाळू नका, सर्वात महत्त्वाचं तेच. 'यूएसबी डीबगिंग' कधी चालू केलं असेल तर बंद करा. प्रवासात स्वतःचा चार्जर भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावा किंवा पॉवर बँक वापरा. फक्त वीज जाऊ देणारा 'डेटा ब्लॉकर'ही मिळतो, पण तो लावल्यावर फास्ट चार्जिंग बहुधा चालत नाही.