परसबागेतील मधमाश्या, कोल्हापूर परिसरातील

घराभोवतीच्या बागेत मधमाश्या याव्यात व टिकाव्यात म्हणून झालेल्या प्रयत्नांचा कोल्हापूर जिल्ह्यातील इतिहास हा मुख्यतः सातेरी या देशी माशीचा इतिहास आहे. आग्या माशी उंच कड्यावर वा झाडावर मोठे उघडे मोहोळ बांधते. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीवर एकच लहान पोळे करते. या दोहोंना पेटीत ठेवता येत नाही. सातेरी मात्र झाडाची ढोली, वारूळ, जुन्या घराच्या भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी समांतर पोळी बांधते. परड्यात आपण होऊन वस्तीला येते ती हीच माशी.

माशीसाठी म्हणून बाग लावण्याची कल्पना जुन्या काळी नव्हती. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या आश्रयाने रामचंद्रपंत अमात्यांनी सु. १७१५ मध्ये लिहिलेल्या आज्ञापत्रात गडांवर आंबा, फणस, चिंच यांसारखे वृक्ष तसेच लिंबू, नारिंगे व फुलझाडे लावून राखण्याची आज्ञा आहे. तिचा हेतू लाकूड व फळे यांचा होता. तथापि यांपैकी बहुतेक झाडे माशीला मकरंद वा पराग पुरविणारी आहेत. मध काढण्याची रीत मात्र नाशकारक होती. धूर देऊन माश्या हुसकावीत आणि अंडी-अळ्यांसकट सर्व पोळे कापून पिळीत. मध गढूळ मिळे व वसाहत बहुधा मोडे.

यात बदल घडला तो हलत्या चौकटींच्या पेटीमुळे. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये पोळ्यांमधील योग्य अंतराचे तत्त्व ओळखले आणि दक्षिण भारतात न्यूटन या ख्रिस्ती धर्मगुरूंनी १९११–१७ या काळात देशी माशीला साजेशी लहान पेटी तयार केली. महाराष्ट्रात या कामाला महाबळेश्वर येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या मध संचालनालयामुळे स्थैर्य आले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू केली. पेटीमुळे पोळे न मोडता यंत्राने मध काढता येऊ लागला व तीच वसाहत पुढील हंगामासाठी उरू लागली.

पेटी आली, पण फुलोरा सर्वत्र सारखा नव्हता. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांत जांभूळ, हिरडा, गेळा यांचे रान आहे. काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवीही आहे. पूर्वेकडील सपाटीवर धरणे, पाणीपुरवठा योजना आणि १९५० नंतर वाढलेले सहकारी साखर कारखाने यांच्यामुळे ऊस पसरला. उसाचे परागण वाऱ्याने होते. त्याच्या तुऱ्यात माशीसाठी मकरंद नसतो. तोडलेल्या उसाच्या रसावर माश्या बसतात खऱ्या, पण अळ्यांच्या वाढीस लागणारा पराग त्यातून मिळत नाही. हिरव्यागार दिसणारा हा मुलूख माशीच्या दृष्टीने बराचसा उपाशी आहे आणि म्हणूनच बांधावरची झाडे व गावातील परडी यांना तेथे विशेष महत्त्व येते.

परसबागेत शेवगा, नारळ, लिंबू, डाळिंब, तुळस, बियांसाठी राखलेली कोथिंबीर व कांदा ही नेहमीची झाडेच पुरेशी उपयोगी पडतात. एकाच वेळी भरघोस फुलण्यापेक्षा वर्षभर काहीतरी फुलत राहणे अधिक मोलाचे. पाकळ्यांची दाटी असलेली शोभेची संकरित फुले डोळ्यांना सुखावतात, पण माशीच्या पदरी फारसे पडत नाही. उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे लागते. त्यामुळे माश्या बुडत नाहीत. कीटकनाशक टाळणेच उत्तम. अगदीच मारावे लागल्यास माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारतात. वसाहतीच्या विभाजनाच्या हंगामात आतून मेण चोळलेली रिकामी पेटी सावलीत ठेवल्यास नव्या घराच्या शोधातील सातेरी कधीकधी तीत शिरते. ती येईलच असे नाही, आणि या अनिश्चिततेस जुने मधपाळही सरावलेले असतात.

सातारा जिल्ह्यातील मांघर या गावी २०२२ मध्ये राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाने ‘मधाचे गाव’ हा उपक्रम सुरू केला. त्यापाठोपाठ भुदरगड तालुक्यातील, मौनी महाराजांच्या मठामुळे प्रसिद्ध असलेल्या पाटगावचाही त्यात समावेश झाला. सातेरीच्या पेटीतून वर्षाला साधारणपणे काही किलोग्रॅमच मध मिळतो. आयात केलेल्या यूरोपीय माशीच्या मानाने हे उत्पन्न थोडे आहे. सातेरीला अडचणीच्या काळात घर सोडून जाण्याची सवय असते. पश्चिम घाटातील धुवाधार पावसात माश्यांना दिवसेंदिवस बाहेर पडता येत नाही. साठलेला सर्व मध आधीच काढून घेतला असेल आणि साखरेचा पाकही दिला नसेल, तर वसाहत उपासमारीने खालावते व संधी मिळताच पेटी सोडून रानात निघून जाते.