रुंद, केसाळ घोड्याला झूल कोणती?

म्हापसा : गोव्यात घोडा पाळणाऱ्याने झुलीचा विचार थंडीसाठी करूच नये. म्हापसा, पेडणे, डिचोली भागात डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचा पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो, आणि थंडीची सवय झालेला सुदृढ घोडा ५ अंशांपर्यंत सहज तग धरतो. त्यात केस दाट असतील तर तीच त्याची घोंगडी. इथे झूल हवी ती डास-माश्या आणि धुळीपासून बचाव म्हणून. म्हणजे बिनअस्तराची, विरळ विणीची सुती किंवा जाळीची. गोणपाट स्वस्त पडते खरे, पण ते ओल धरते, खांद्याचे केस घासते.

माप छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या कडेपर्यंत आडवे घ्यायचे. रुंद घोड्याची अडचण मात्र लांबीत नसते, खांद्यात असते. म्हणून मोठ्या मापाची घेतली तर झूल मागे घसरते आणि मानेच्या मुळाशी काचते. त्यापेक्षा लांबी नेमकी ठेवून शिंप्याकडून खांद्याला कळी घालून घ्यावी, छातीचा पट्टा वाढवावा. पट्ट्याखाली तळहात सहज सरकला पाहिजे.

घामेजल्या किंवा भिजल्या अंगावर झूल नको. तासाभराने खांद्यामागे हात घालून बघावा. ओलसर लागले तर काढावी. पावसाळ्यात दोन झुली लागतातच, एक अंगावर, एक वाळत. खपल्या धरून केसांचे पुंजके सुटू लागले, तर झूल बंद करून पशुवैद्य गाठावा. म्हातारा घोडा एप्रिल-मेतही केस टाकत नसेल, तर संप्रेरकांच्या आजाराची तपासणी करून घ्यावी.