गेटवरचा साक्षीदार

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात १७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिजेट ड्रिस्कॉल या बाईंना मोटारीने उडवलं. पेट्रोलच्या मोटारीखाली पादचारी दगावल्याची ब्रिटनमधली ही पहिली नोंद. क्रॉयडनला मृत्यूची चौकशी बसली आणि प्रत्येक अपघातात निघणारा प्रश्न तिथेही निघाला: गाडीचा वेग किती होता? चालकाने सांगितलं, ताशी ४ मैल, म्हणजे माणूस चालतो तेवढा. पाहणाऱ्या एका मोलकरणीने सांगितलं, चांगला घोडा दौडावा तसा. दोन्ही जबान्या ताडून पाहायला काही साधन नव्हतं. ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला.

यात कुणी खोटं बोलत होतं असं मानायचं कारण नाही. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा’ असं म्हटलं, तर सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या वर गेलं. नुसतं ‘लागल्या तेव्हा’ म्हटल्यावर ३२ च्या आत आलं. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? ‘आदळल्या’वाल्या ५० जणांपैकी १६ जणांना दिसल्या होत्या. फितीत काच फुटलेलीच नव्हती.

माणसाची आठवण अशी फिरते, म्हणून आता अपघातानंतर कॅमेऱ्याचं चित्रण शोधतात. घराच्या दारावरचा कॅमेरा मात्र अपघातासाठी जन्मलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या जमैका भागात मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही नर्स राहायची. कामाच्या वेळा अवेळी, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, तोही अनेकदा रात्री बाहेर. आणि पोलीस बोलावले तरी लवकर येतील याची खात्री नाही. दार ठोठावणारा कोण, हे दार न उघडता कळावं म्हणून दोघांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दारात वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि बटणाने उघडणारी कडी. २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. एकट्या बाईच्या भीतीतून आलेली ही कल्पना पुढे स्वस्त झाली, नोंद ठेवू लागली, आणि तिची नजर उंबरठ्यावरून रस्त्यावर गेली.

आपल्याकडे ती सोसायटीच्या गेटवर बसली. चोरी, पार्किंगची भांडणं, पाण्याचा टँकर किती वाजता आला, या कामांसाठी वर्गणी काढून लावलेला कॅमेरा. समोरच्या रस्त्यावर रात्री दुचाकीला धडक बसते तेव्हा पहाटे पोलीस वॉचमनला उठवतात आणि डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, मागतात. पडद्यावर बहुतेक वेळा जे दिसतं ते थोडकं असतं: हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेटचा पांढरा चौकोन, गाडीचा रंग, वळताना लागलेला किंवा न लागलेला ब्रेकलाइट. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असतं, म्हणून पंचनाम्यात खरी वेळ आणि यंत्राची वेळ दोन्ही लिहावी लागते. हे साधं वाटणारं वाक्य राहून गेलं, तर बचाव पक्षाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो.

या चित्रणाला न्यायालयात उभं कसं करायचं, याचा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या खटल्यात लागला, आणि तो अपघाताचा नव्हता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलं की चित्रणाची प्रत द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर नको. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्रावर फाइलची हॅश-संख्याही नोंदवायची असते, म्हणजे नंतर काही बदललं तर पकडता येतं.

सोसायटीच्या सेक्रेटरीला हे झंझट वाटतं, आणि कोर्टात खेटे घालायच्या धास्तीने ‘कॅमेरा बंद होता’ असं सांगण्याचा मोह होतो. पण गेलेल्याच्या घरच्यांसाठी नंबरप्लेटच्या त्या दोन-चार अंकांवर फार काही टांगलेलं असतं. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीकडून मृताची कमाई आणि वय पाहून भरपाई मागता येते. सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून ठरावीक रक्कम मिळते: १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख रुपये, गंभीर जखमेसाठी ५० हजार. त्याआधी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. कमावता मुलगा गेलेल्या घरात गाडी सापडण्या-न सापडण्यातला हा फरक वर्षानुवर्षं जाणवतो. डीव्हीआर तर हार्डडिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. बऱ्याच सोसायट्यांत पंधरा दिवस ते महिनाभरात ती रात्र निघून जाते. म्हणून तेराव्याची वाट न पाहता, पहिल्या दोन-तीन दिवसांतच कुणीतरी नातेवाइकाने रस्त्यावरच्या प्रत्येक गेटवर जाऊन लेखी विनंती द्यावी आणि तिची पोच घ्यावी.