आग्रा रोडवरची काच

फैजपूर हे नाव उच्चारताच इतिहासाच्या अभ्यासकाला १९३६ चा डिसेंबर महिना आठवतो. राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून या गावाची नोंद झाली आहे. पंडित जवाहरलाल नेहरू त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. अधिवेशनासाठी वसवलेल्या नगरीला टिळकनगर असे नाव देण्यात आले होते आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्या साहित्यातून ती सजवली होती. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून न काढता बैलांच्या सहा जोड्यांनी ओढलेल्या रथातून काढण्यात आली. आज नव्वदीकडे झुकलेली येथली माणसे त्या वेळी पाळण्यात होती किंवा जन्मलीही नव्हती. तरी तो रथ गावाच्या डोळ्यांसमोर आहे. कारण तो कोणीतरी लिहून ठेवला, त्याची छायाचित्रे काढली, पुढच्या पिढीला तो सांगितला.

वाचकहो, याच फैजपुरातील एका घरात आम्ही दुसऱ्या एका वाहनाची आठवण पाहिली. ती मात्र कोणी लिहून ठेवली नव्हती.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब तेथे राहते. घरातील आजोबा भुसावळच्या रेल्वेत फिटर होते आणि निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले होते. आजारी माणसांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही महिन्यातून एकदा जात असू. देवघराच्या फळीवर, क्रूसाच्या बाजूला, जाड, उभ्या रेघांची, तळहाताएवढी एक फुटकी काच ठेवलेली असे. एकदा आम्ही सहज विचारले, तेव्हा आजोबा म्हणाले, "फादर, ही लंडनहून आलेल्या शर्यतीच्या गाडीची काच आहे. आग्रा रोडवर सापडली. पुढच्या खेपेला निवांत या, सगळं सांगतो." आम्ही हसून मान हलवली. लंडनची गाडी खानदेशात कशाला येईल, असे मनात आले. वयोमानाने माणसे अशा गोष्टी रचतात, अशी आमची समजूत. पुढच्या खेपेला आम्हांला घाई होती. त्यापुढच्या खेपेलाही होती. मग एके दिवशी त्यांच्या अंत्यविधीलाच आम्ही उभे राहिलो.

त्यानंतर काहीशा अपराधी भावनेने आम्ही या विषयाची पुस्तके चाळली. आजोबांच्या बोलण्यात अशक्य असे काहीच नव्हते, हे तेव्हा कळले. आज हा वृत्तान्त लिहिताना आम्ही त्यांचे थोडेसे ऋण फेडत आहोत.

प्रथम रस्त्याविषयी. फैजपूर ज्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर वसले आहे, तो यावल-चोपड्यावरून पश्चिमेकडे जातो आणि शिरपूरला मुंबई-आग्रा रस्त्याला मिळतो. आपले लोक त्याला आग्रा रोडच म्हणतात. सातपुड्यातील बिजासनचा घाट उतरून पळासनेर, शिरपूर, सावळद्याची तापी, धुळे, लळिंगच्या किल्ल्याचा पायथा आणि पुढे मालेगाव-चांदवड-नाशिक असा हा मार्ग जातो. या मार्गाने उत्तर हिंदुस्थानातून मुंबईकडे येणाऱ्याला खानदेश ओलांडावा लागे.

मोटारगाडी आपल्या देशात नवखी होती, तेव्हाच या मार्गाने तिची परीक्षा घेतली. १९०४ च्या अखेरीस 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी आयोजित केली. ती केवळ वेगाची शर्यत नव्हती. एवढा लांबचा पल्ला गाडी न मोडता, न थांबता किती विश्वासाने पार करते, हे तीत पाहायचे होते. पितळी दिव्यांच्या, उघड्या टपाच्या त्या गाड्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून धूळ उडवत आल्या असतील, तेव्हा वाटेवरच्या बैलांनी कान टवकारले असतील आणि गाडीवानांनी कासरे ओढले असतील. त्या चाचणीचा इतिहास गाड्यांच्या मालकांना आणि कारखान्यांना ठाऊक आहे. कासरे ओढणाऱ्यांची बाजू मात्र कोणी विचारली नाही.

पुढे शर्यतीच्या मोटारी म्हणजेच स्पोर्ट्स कार आल्या आणि त्या बहुतांशी मोठ्या शहरांच्या व संस्थानिकांच्या झाल्या. जे. आर. डी. टाटा यांची तरुणपणची बुगाटी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. फ्रान्सच्या आल्सेस प्रांतातील मोल्सहाइम येथे एत्तोरे बुगाटी या इटालियन वंशाच्या कारागिराने बनवलेल्या या गाड्या वेगासाठी जगभर नावाजल्या होत्या. मुंबईत ती गाडी भरधाव हाकल्याचा ठपका आला, तेव्हा बचावासाठी जे. आर. डी. हे जॅक विकाजी या वकिलांकडे गेले. तेथेच वकिलांची पुतणी थेल्मा त्यांना भेटली आणि १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले आपले विमान जे. आर. डी. यांनी ज्या जुहूच्या मैदानावर उतरवले, तेथेच स्वातंत्र्यानंतरच्या काळात मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. मद्रासजवळ शोलावरम आणि कलकत्त्याजवळ बराकपूर येथील धावपट्ट्यांचाही असाच उपयोग झाला. आपल्याकडे शर्यतीसाठी खास बांधलेले रस्ते तेव्हा नव्हते. म्हणून विमानांच्या वाटेवर मोटारी धावल्या. मद्रासच्या मोटार स्पोर्ट्स क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ स्वतःचा मार्ग बांधला, तो १९९० च्या सुमारास.

खानदेशातील माणसाला या शर्यती वर्तमानपत्रातूनच माहीत व्हायच्या. पण एकदा शर्यतच त्याच्या दाराशी आली.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथून ९८ मोटारी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराकडे निघाल्या. लंडनचे 'डेली एक्स्प्रेस' आणि सिडनीचे 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्रांनी ही शर्यत भरवली होती. अंतर सुमारे १६,००० किलोमीटर. पहिले बक्षीस १०,००० पौंड. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल अशी मजल दरमजल करीत मोटारी दिल्लीस आल्या आणि आग्रा, इंदूरवरून डिसेंबरच्या आरंभी मुंबईस पोचल्या. ५ डिसेंबरच्या पहाटे 'चुसान' या आगबोटीने सत्तर-बहात्तर गाड्या ऑस्ट्रेलियाकडे नेल्या. शर्यतीतल्या बहुतेक मोटारी त्या काळच्या नेहमीच्याच होत्या. पण त्यांत १९३० सालची आठ लिटरची एक बेंटलीही होती. तिला सिडनी गाठता आले नाही.

भारतात रस्त्याच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीचे वर्णन त्या स्पर्धकांनी पुढे वारंवार केले आहे. त्या अफाट गर्दीत आमचे आजोबा एक होते. त्यांच्या मुलाने आम्हांला एवढेच सांगितले की, वडिलांनी दोन दिवसांची रजा काढली होती, मित्रांबरोबर ते ट्रकने शिरपूरला गेले होते आणि घाटाखाली शेकोटी पेटवून रात्रभर बसले होते. दिवे दिसायचे, आवाज यायचा आणि धुळीचा लोट अंगावरून जायचा. उजाडल्यावर रस्त्यावर काच पडलेली दिसली. ती कोणत्या गाडीची, दिवा कशाने फुटला, कोणी पाहिले, हे विचारायचे राहून गेले. बाप रोज समोर असतो तेव्हा मुलालाही हे सुचत नाही आणि धर्मगुरूलाही सुचत नाही.

त्या शर्यतीचा शेवट आमच्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा. १७ डिसेंबर रोजी, अंतिम रेषा जवळ आली असता, सर्वांच्या पुढे असलेली ल्यूसियाँ बियांकी आणि झां-क्लोद ओझिए यांची सिट्रोएन गाडी ऑस्ट्रेलियात नाउरा या गावाजवळ समोरून आलेल्या मोटारीवर आदळली. बियांकी जबर जखमी झाले. पाठोपाठ येणारे पॅडी हॉपकर्क यांना आता विजयाची संधी चालून आली होती. त्यांनी गाडी थांबवली आणि आपल्या साथीदारांसह ते जखमींच्या मदतीला धावले. पहिले बक्षीस अँड्र्यू कोवन, ब्रायन कॉइल आणि कॉलिन माल्किन यांच्या हिलमन हंटर या साध्या कुटुंबवत्सल गाडीला मिळाले. हॉपकर्क दुसरे आले. यरीहोच्या वाटेवर शोमरोनी थांबला, तसाच हा माणूस थांबला. बियांकी त्या अपघातातून वाचले. परंतु मार्च १९६९ मध्ये ल मान्स येथे सराव करताना त्यांचा मृत्यू झाला.

जुन्या मोटारींचा आणि शर्यतींचा हा वारसा जपणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेला 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' १९३१ पूर्वीच्या गाड्यांना 'व्हिंटेज' मानतो आणि त्या नुसत्या काचेआड न ठेवता शर्यतीत पळवतो. आपल्याकडे 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली. लंडन-सिडनी शर्यतीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९९३ मध्ये, पुन्हा एकदा लंडन ते सिडनी अशी स्मरणशर्यत काढण्यात आली. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा मोजक्या कारणांसाठीच त्या रस्त्यावर आणता येतात.

या गाड्यांच्या जगात एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली. नुसती जुनी गाडी असून भागत नाही. सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कोणी कोणाला विकली त्याची कागदपत्रे, शर्यतीच्या दिवशीचे छायाचित्र हे सारे जुळले तरच तिला इतिहास आहे असे मानतात. साखळीतला एक दुवा निखळला की तीच गाडी निव्वळ देखणे लोखंड ठरते. ख्रिस्तसभेला हे नवे नाही. संतांच्या अवशेषाबरोबर मोहोर लावलेले प्रमाणपत्र जपण्याची आपली रीत आहे आणि बिशपांनी खातरजमा केल्यावाचून कोणताही नवा अवशेष स्वीकारू नये, असे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्येच बजावले होते. वस्तू मुकी असते. तिच्या बाजूने बोलणारा साक्षीदार लागतो.

आजोबांच्या काचेचा साक्षीदार आम्ही गमावला. ती काच लंडनच्या गाडीची असेल, किंवा त्याच रात्री तेथून गेलेल्या एखाद्या मालमोटारीचीही असेल. ती खरी आहे असे आज आम्ही कोणासही छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. मात्र थंडीत रात्रभर जागून जगाची शर्यत पाहणारा एक तरुण फिटर त्या काठावर होता, एवढे आम्ही लिहून ठेवू शकतो. बैलांच्या सहा जोड्या ज्यांनी लिहून ठेवल्या, त्यांच्यामुळेच फैजपूर इतिहासात आहे.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. नातीने काच कापडाने पुसून आमच्या हाती दिली. तिच्या वहीतला एक कागद मागून घेऊन आम्ही त्यावर आजोबांचे नाव, १९६८ हे साल, शिरपूरचा घाट आणि मुलाने सांगितलेली हकिकत एवढेच लिहिले. जे कळले नाही तेथे रेघ ओढून जागा मोकळी ठेवली. खाली मुलाने सही केली, आम्ही केली आणि तारीख घातली. तो कागद आता काचेखाली असतो. निघताना नातीने विचारले, "फादर, आजीच्या पेटीतल्या फोटोंवर पण असं लिहायचं का?" आजी आतल्या खोलीत जागीच होती. आमची पुढची भेट ठरलेली होती, पण आम्ही खुर्ची ओढून परत बसलो.