राणीची बाग : आवारातील जुन्या वास्तू

मुंबईत भायखळा स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे हे रूढ नाव. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. क्षेत्र सुमारे ५३ एकर. बोरीबंदर-ठाणे हा देशातील पहिला प्रवासी लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला तो भायखळ्यावरूनच जाणारा होता, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातील अनेक पिढ्या त्याच मार्गाने येथे वाघ-हत्ती पाहायला आल्या. प्रस्तुत नोंद प्राण्यांची नसून बागेतील बांधकामांची आहे.

पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची जुनी बाग शिवडीस होती. ती जागा पुढे पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत दफनभूमीसाठी घेण्यात आली. संस्थेला भायखळ्याची जमीन मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते नवी बाग खुली झाली. त्याच दिवशी फ्रियर यांनी वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली. बाग आणि संग्रहालय अशी जोडीने उभी राहिली, म्हणून त्यांचा विचारही एकत्रच व्हायला हवा. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली.

संग्रहालय : १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने जमवलेल्या वस्तू हे त्याचे बीज. जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी निधीसाठी खटपट केली. २ मे १८७२ रोजी इमारत लोकांसाठी उघडली. ओतीव लोखंडाचे खांब व कठडे, मिंटन फरशा आणि सोनेरी मुलामा यांमुळे आतील दालन त्या काळच्या मुंबईतील विशेष देखण्या दालनांत मोडते. १९७५ मध्ये त्यास भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला.

ससून घड्याळ मनोरा : प्रवेशद्वाराजवळ, १८६५. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून (१७९२-१८६४) यांच्या नावाचा. घाट इटालियन. संग्रहालयातील प्रिन्स अल्बर्टचा मॅथ्यू नोबलकृत पुतळाही ससून यांचीच देणगी. जवळची कमानदार दगडी भिंत रोमन विजयकमानींच्या धर्तीची आहे.

दगडी हत्ती : पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा म्हटले तो हाच. मूळ घडणीच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात यारीची साखळी तुटली व हत्तीचे तुकडे झाले. ते या बागेत आणून ठेवले गेले आणि तसेच पन्नास वर्षे पडून राहिले. १९१४ मध्ये कॅडेल व ह्युएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. बागेतील सर्वांत मोलाची वस्तू हीच, आणि बहुसंख्य लोक तिच्यापाशी न थांबता पिंजऱ्यांकडे जातात, ही खेदाची गोष्ट आहे. त्याच आवारात शहराच्या चौकांतून हलवलेले वसाहतकालीन पुतळे ठेवलेले आहेत. जोसेफ बोह्मने घडवलेला, १८७९ मध्ये बसवलेला व ‘काळा घोडा’ म्हणून प्रसिद्ध असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथे हलवला गेला. तो डेव्हिड ससून यांचे पुत्र अल्बर्ट यांनी दिला होता.

फ्रियर मंदिर : वर्तुळाकार, ग्रीक धाटणीचे.

वृक्ष व नूतनीकरण : संग्रहालयाइतकाच जुना वारसा झाडांचा आहे. २००७ नंतरच्या प्राणिसंग्रहालय नूतनीकरणाच्या आराखड्यावर वृक्षप्रेमी नागरिकांनी हरकती घेतल्या; पालिकेची बाजू वेगळी होती. या नूतनीकरणातील पेंग्विन कक्ष २०१७ मध्ये खुला झाला.

पिंजरे, रोपवाटिका : मुख्यतः पालिकेच्या काळातील.