राह्यता कुठं?

आमच्या वाशीम जिल्ह्यात लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस शेजारी बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "राह्यता कुठं?" उत्तरही ठरलेलं, दोन तुकड्यांचं. "राह्यतो वाशीमले, गाव तिकडे मंगरूळपीरकडे." नुसतं 'वाशीम' म्हणून कोणी थांबत नाही. पोरगा नोकरीला असला तर तीन तुकडे होतात: पोरगा पुण्याले, आम्ही वाशीमले, वावर गावाले. शहरात राहावं की खेड्यात, हा प्रश्न आमच्याकडे एकट्या माणसाला कधी पडलाच नाही. घरानं तो आपसात वाटून घेतला. कोणाच्या वाट्याला काय आलं, हे मात्र प्रत्येक घराचं वेगळं.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची काही उत्तम लेणी ज्याच्या काळात कोरली गेली तो हरिषेण राजा इथलाच. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं तेही याच गावी. म्हणजे एके काळी लोक 'शहरात जातो' म्हणून इकडे येत असतील! शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. मला कळलं तोवर आमच्या गावची पोरं पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढू लागली होती.

माझ्या आजोबांचं, म्हणजे आबाजींचं शहर वाशीम नव्हतं, कारंजा होतं. कारंजा जुनी पेठ. चार वेशी, जैनांची मंदिरं, गुरुमंदिर, आणि या सगळ्यापेक्षा आबाजींच्या लेखी मोठा तो कापसाचा बाजार. 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या मागे व्यापारी आले, जिनं आली. मापात, कडत्यात शेतकरी लुटला जाऊ लागला तेव्हा 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं कारंज्यात नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला म्हणतात. पुढे 1897 चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. मग मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी कारंज्यावरून धावू लागली. आमची शकुंतला.

आबाजी मध्यरात्री बैल जुंपायचे. बंडीत कापूस, वर घोंगडी, घोंगडीवर माणूस. उजाडता उजाडता कारंज्याची वेस. हर्रास व्हायचा, अडत्या पट्टी द्यायचा, मग मीठ, गूळ, आजीला लुगडं, आणि परत. अख्ख्या हयातीत त्यांनी कारंज्यात एक रात्र काढली नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाले, "शहरात रात काढली तं बैलाले चारा कोन टाकीन?" त्यांना शहराचा राग नव्हता, ओढही नव्हती. शहर म्हणजे जिथं माल विकायचा आणि दिवस मावळायच्या आत जिथून निघायचं.

पण हे वावरवाल्याचं शहाणपण झालं. त्याच वेळी आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत दोन मोठ्या गोष्टी घडत होत्या आणि दोन्हींचे पडसाद गावात उमटले. 1936 मध्ये गांधीजी वर्धा सोडून शेगावला राहायला गेले. त्याच गावाचं पुढं सेवाग्राम झालं. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून ग्रामसुधारणेचा ध्यास दिला. आमच्या मारुतीच्या पारावर संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची, 'ग्रामगीता' वाचली जायची. मी स्वतः ती वाचून दाखवलेली आहे. दुसरीकडे 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी मसुदा मांडताना खेड्याच्या कौतुकावर सरळ हल्ला चढवला. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान; घटनेनं खेडं नाही, तर माणूस हा एकक धरला, हे बरंच झालं, असा त्यांचा आशय होता. आठ वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली.

आमच्या गावातून शहरात पहिल्यांदा कायमची गेली ती गावकुसाबाहेरची घरं. कोणी अकोल्याच्या गिरणीत, कोणी मुंबईला रेल्वेत. माझ्या वर्गमित्राचे वडील त्यातले. निवृत्त होऊनही ते परतले नाहीत. अकोल्यात त्यांच्या घरी जेवायला बसलो असता मी सहज म्हणून गेलो, "काका, गाव आठवत नाही का?" ते हसले. म्हणाले, "तुम्ही गाव सोडलं तं मांगं वावर राह्यते. आमचं मांगं काय राह्यलं? तुमच्या वावरातली मजुरी." गावाकडे चला की शहराकडे, यावर मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली. कोणाच्या मागं काय राहतं, एवढं एक विचारलं तर त्यातली निम्मी व्हायचीच नाहीत.

आमच्या घरी गावाबाहेर पडायची इच्छा पहिल्यांदा मायनं बोलून दाखवली. 1972 च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि आल्यावर नदीच्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरायची. ती बाबांना म्हणायची, "जिथं नळ हाय तिथं चाला." बाबा म्हणायचे, "अन् वावर?" हे संभाषण पुढची पंचवीस वर्षं अधूनमधून होत राहिलं. त्यात एकही शब्द वाढला नाही.

मग आला 1 जुलै 1998. अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. खरं तर परत झाला; इंग्रजांच्या वेळी बासीम जिल्हा होताच, 1905 साली तो मोडून अकोल्यात घातला होता. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर आला, जिल्हा परिषद आली, कोर्टकचेऱ्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग आलं ले-आउट. मुंबई-पुण्याकडं ज्याला उपनगर म्हणतात ते आमच्याकडं ले-आउट. मोठ्या शहरांची उपनगरं शहर भरून वाहायला लागल्यावर होतात. आमचं उलटं. शहर भरलंच नव्हतं. 2011 च्या जनगणनेत वाशीम शहराची लोकसंख्या 78 हजारांच्या घरात, आणि जिल्ह्यातले शंभरातले 82 लोक खेड्यात. ही वस्ती शहरानं बाहेर टाकलेली नव्हती, खेड्यांनी आणून ठेवलेली होती. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, एसटीचे कंडक्टर, आणि पोरांच्या शिकवणीसाठी खोली करून राहिलेल्या बाया. काल ज्या वावरात तूर होती तिथं चुन्याच्या रेघा मारल्या, एन.ए. केलं, मुरूम टाकला, आणि 'नगर' म्हणून पाटी लावली.

मी जिल्हा परिषदेत नोकरीला होतो. कर्ज काढून दीड हजार चौरस फुटाचा प्लॉट घेतला. काळ्या मातीनं पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीला कान उघडलं. कापसाला जी माती सोन्यासारखी ती घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नाली नव्हती, रस्ता पावसाळ्यात पायातली चप्पल ठेवून घ्यायचा. एकबुर्जीचं पाणी नळाला यायचं ते आठवड्यातून एकदा. पण यायचं. माय पहिल्या दिवशी तोटीजवळ पाट टाकून बसली होती.

बाबा आले नाहीत. आले, चार दिवस राहिले, गेले. "इथं ओटा नाही," म्हणाले. घराला ओटा होता. त्यावर येऊन बसणारं कोणी नव्हतं, असं त्यांना म्हणायचं असावं. पुढं बारा वर्षं माय वाशीमला आणि बाबा गावाला. माझी बायको सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची आणि कंडक्टर तो फाट्यावर उतरवायचा. याला संसार मोडला म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

आमच्या ले-आउटची खरी ओळख पटते पोळ्याला. सगळ्या घरांना कुलपं. अखाजीला कुलपं, दिवाळीत कुलपं. आणि उरलेल्या वर्षात घराघरात गावच्या तुरीची डाळ, गावचे गहू, कोपऱ्यात गावाहून आलेलं सोयाबीनचं कट्टं. आम्ही शहरात राहून पंचवीस वर्षं गावचंच खाल्लं.

मानोऱ्याकडच्या तांड्यांची गोष्ट निराळी. तिथली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातात, पाडव्याच्या आसपास परततात. ते शहर निवडत नाहीत, हंगाम निवडतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि हीच माणसं चालत परत आली. काही गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. ज्या शाळेत त्यांची लेकरं वर्षाचे पाच महिने गैरहजर असायची, त्याच शाळेत त्यांना चौदा दिवस ठेवलं. हे मी पाहिलं आणि तेव्हापासून 'गाव सगळ्यांना पोटाशी धरतं' असं वाक्य मला लिहवत नाही.

आता समृद्धी महामार्ग झाला. 11 डिसेंबर 2022 पासून कारंज्याहून नागपूर दोनेक तासांवर आलं. शेलूबाजाराकडची वावरं त्यात गेली. कोणी त्या पैशात दुसरीकडं वावर घेतलं, कोणी अमरावतीत प्लॉट, कोणी पोरीचं लग्न केलं. रस्त्याला दोन्हीकडून कुंपण आहे. आबाजींची बंडी तिथं चढू शकली नसती.

आणि सोयरिकी. वावर किती, हे मुलीकडचे आजही पहिल्यांदा विचारतात. पोरगा वावरात आहे असं कळलं की उठतात. वावर पाहिजे, पण जावई पुण्यात पाहिजे. लोक यावर हसतात. मला हसू येत नाही, मायची झिऱ्यातली वाटी आठवते. मुली चुकीचं काय मागतात?

बाबा गेले. वावर आता बटईनं दिलंय. मुलगा पुण्यात, वाकडला फ्लॅटमध्ये असतो, आणि वावर विकू नका म्हणतो. मागच्या खरिपात त्यानं तिथूनच सातबारा काढला, पीक चढवलेलं नाही असं पाहिलं, आणि फोन केला.

"बाबा, ई-पीक पाहणी मी करतो इथून. मोबाइलवर तर आहे."

"अरे, ते फोटो मागते. वावरात उभं राहून काढा लागते."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग कोण काढीन?"

बटईदाराच्या पोरानं काढला. सोयाबीन चांगलं होतं, गुडघ्याच्या वर.