झुकलेला मॉनिटर

परवा भाचा आला तो तोंड पाडूनच. लग्नांचं शूटिंग करतो तो. म्हटलं, काय झालं रे? "मामा, ऐन बिदाईत मॉनिटर झुकून राहिला होता ना!"

अंगात जॅकेट, त्याला स्प्रिंगचा हात, हाताला दांडा, वर कॅमेरा आणि खाली छोटा मॉनिटर, असा त्याचा संच. मॉनिटर धरणारा स्वस्तातला बॉलचा सांधा सैल पडला आणि नवरीच्या आईचा चेहरा निम्मा फ्रेमबाहेर गेला. ती मिठी आता पुन्हा कुठून आणायची?

मग मीही जरा खोलात शिरलो. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तो तिवईवर ठेवून हाताने फिरवायचा. पुढे कॅमेरा चालायला लागला, पण रुळांवरून, ट्रॉलीवरून. माणूस कॅमेरा घेऊन धावला की चित्र हलणारच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

१९७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राऊनने यावर तोड काढली. स्प्रिंगच्या हाताने कॅमेरा शरीरापासून वेगळा केला. पण मग नवीच अडचण! डोळा कॅमेऱ्याला लावला की डोक्याचे हादरे परत कॅमेऱ्यात. मग बघायचं कसं? आधी त्याने काचतंतूंची जुडी डोळ्यापर्यंत आणून पाहिली. शेवटी छोटा टीव्हीच दांड्यावर बसवला. १९७६ मधे 'बाउंड फॉर ग्लोरी' आणि 'रॉकी' आले, १९७८ मधे स्टेडिकॅमला ऑस्कर मिळालं, १९८० मधे 'द शायनिंग'.

सांगायचा मुद्दा असा, की या यंत्रात मॉनिटर ही वरून चिकटवलेली वस्तू नाही. तो डोळा आहेच, पण कॅमेऱ्याला तोलणारं खालचं वजनही तोच आणि बॅटरी. तो दोन बोटं सरकला की गुरुत्वमध्य सरकतो आणि अख्खा दांडा तिरपा होऊ पाहतो. भाच्याला दिसणं बंद झालं आणि तोलही गेला, ते एकाच सैल सांध्यामुळे.

दुसऱ्या दिवशी दोघं सीताबर्डीला गेलो. दुकानात आम्ही एवढंच पाहिलं : एकाच स्क्रूवर लटकणारा सांधा नको, तो गरगर फिरतो, स्क्रूसोबत खिळ्या हव्यात, म्हणजे मॉनिटर वळत नाही. गुळगुळीत बॉलपेक्षा दातेरी सांधा बरा. हात जितका आखूड तितका ताण कमी. आणि दांड्याला नुसता चिमटा नको, पक्की पकड हवी. मॉनिटर लावून दांड्यावर टिचकी मारली. चित्र थरथरलं की तो नग परत. तीन परत केले, दुकानदार वैतागला. :)

घरी येऊन पुन्हा तोल साधला. दांडा आडवा धरून सोडला, दोन-तीन सेकंदांत सावकाश उभा झाला. जमलं.

मग भाचा म्हणाला, "मामा, त्या लोकांना सांगू का? त्यांना अजून माहीत नाही."

मी काही बोललो नाही. कपाटातून ताईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट काढली. चालवायला यंत्र नाही आता, पण त्यात काय आहे ते घरात सगळ्यांना पाठ आहे. पाठवणीच्या वेळी बाबा कडेला उभे आहेत, अर्धेच दिसतात, आणि डोळे पुसायला हात वर जातो तोवर कॅमेरा बँडवाल्यांकडे वळतो. बाबा गेल्यावर ताईने ती जागा किती वेळा थांबवून पाहिली असेल!

भाच्याने कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी केली. मग फोन घेऊन अंगणात गेला. बराच वेळ बोलत होता.

असो. सांधा घ्याल तेव्हा टिचकी मारून घ्या, मंडळी.